वाजवून दिलेली फरशी

"वाजव, कडूबा. मले आयकू दे," भगवानराव म्हणाले आणि बाजेवरून उठून जवळ आले.

कडूबाने हातोडी उचलली. नांदुऱ्याच्या स्टेशनामागे त्याची पत्र्याची छपरी होती आणि छपरीत सात-सात फुटांच्या तीन शहाबादी फरश्या लाकडी ठोकळ्यांवर उभ्या होत्या. फरशी वाजवून द्यायची हा त्याच्या धंद्याचा रिवाज. उभ्या फरशीवर हलका ठोका मारला की निकोप दगडाचा आवाज थोडा वेळ मागे रेंगाळतो. आत चीर असेल तर तो मध्येच तुटतो. गिऱ्हाइकाला यातले काही कळत नाही, त्याला सगळ्याच फरश्या सारख्या वाजतात. पण गिऱ्हाईक कान देऊन मान डोलावते, कारण दगडातले आपल्याला कळत नाही असे चारचौघांत कोण कबूल करील?

कडूबाने छपरीबाहेरच्या निंबाच्या बाजूला असलेल्या फरशीवर ठोका मारला. हातोडीचा दणका मनगटापर्यंत आला. बस्स, तेवढाच. कानात काहीच आले नाही.

भगवानरावांनी डोळे मिटून मान डोलावली. वडनेर भोलजीचे मोठे जमीनदार ते, मान डोलावण्यातही त्यांचा रुबाब होता.

"कशी हाये?"

"खणखणीत," कडूबा म्हणाला.

"दिसाले बी हेच गुळगुळीत हाये. हेच दे. पन भाव सांग नीट. मलकापूरवाला अठरात देऊन राह्यला, अन् तू बावीस म्हणते."

"देत असन, मालक. तो फरशी बंडीत टाकून मोकळा होते. मी कोर गोल करून, घासून, खांबावर बसवून देतो. सालभरात काही झालं तं पदरच्या खर्चानं बदलून देतो. भाव, माल अन् मागची देखभाल, तिन्ही सांभाळा लागते. एक ढिलं झालं का दुकान बसलं."

हे वाक्य तो वीस वर्षे म्हणत आला होता आणि ते खरेही होते. वाण्यांचे कट्टे, हलवायांचे ओटे, टपाल हापिसातली खिडकीखालची फरशी, इकडे नांदुऱ्यापासून तिकडे संग्रामपूरपर्यंत त्याच्या हातचे दगड बसलेले होते. सौदा विसावर तुटला. भगवानराव वडनेरला दवाखान्याशेजारी बाळंतपणाची खोली बांधत होते. त्यांची थोरली सून दोन वर्षांपूर्वी बाळंतपणातच गेली होती. अमरावतीहून नर्सबाई बोलावली होती, आणि त्या बाईने सांगितले होते की खाट नको, उकळत्या पाण्याने धुता येईल असा दगडी ओटा पाहिजे.

बंडी गेल्यावर कडूबा बाजेवर बसला.

उजवा कान दहा वर्षांपूर्वीच गेला होता, विहिरीतला सुरुंग वेळेआधी उडाला तेव्हा. डाव्या कानाने जन्मभर छिन्नीचा आवाज सोसला आणि तोही हळूहळू रुसला. समोरून कोणी मोठ्याने बोलले तर त्याला समजे, थोडे कानाने आणि बरेचसे ओठांवरून. दगडाचा बारीक आवाज मात्र चार वर्षांपासून साफ गेला होता. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते, ते म्हणजे त्याची बायको शालूबाई.

त्या दोघांनी यावर एक तोड काढली होती. गिऱ्हाईक आले की शालूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायची. कडूबा ठोका मारायचा. आवाज चांगला असला तर ती तशीच बसून राहायची, आणि तुटला तर सूप उचलून आत जायची. लोक म्हणत, कडूबाची बायको भारी लाजरी आहे. चार वर्षांत एकही फरशी परत आली नव्हती. म्हणजे कान शालूबाईचा आणि नाव कडूबाचे, असा तो संसार होता. त्यात गैर काही नव्हते, पण ते उघडे पडले असते तर धंदा बसला असता.

आणि आज उंबरा रिकामा होता. धाकट्या बहिणीचे बाळंतपण अडले म्हणून शालूबाई चार दिवसांपूर्वी चिखलीला गेली होती. भगवानरावांना "आठ दिवसांनी या" म्हणायचे कडूबाच्या ओठांवर आले होते. पण मग ते मलकापूरला गेले असते. वीस रुपये गेले असते ते गेलेच, वर वडनेरसारखे नावाजलेले काम दुसऱ्याच्या हाती पडले असते. तीन फरश्यांत वाईट निघायची ती एखादी, असा त्याने मनाशी हिशेब केला आणि हातोडी उचलली.

फरशी बसली. नारळ फुटला. नर्सबाईने तिच्यावर हात फिरवून "छान" म्हटले.

शालूबाई परत आली ती दहा दिवसांनी. तोंड सुकलेले, डोळे खोल गेलेले. बहीण वाचली होती, मूल वाचले नव्हते. तिने पायांवर पाणी घेतले, छपरीत आली आणि थांबली.

"निंबाकडली कुठी गेली?"

"वडनेरले. भगवानरावाच्या बाळंतखोलीत."

ती तिथेच खाली बसली. मग त्याला नीट दिसावे म्हणून तोंड वर करून बोलली. "अवो, मी जाताना बंडीतून ओरडून सांगतलं होतं तुमाले. निंबाकडली इकू नका म्हणून. निवृत्ती हमालाच्या हातून मालगाडीच्या वाघिणीतून उतरवताना आपटली होती ते. मी वाजवून पाह्यली, तिचा आवाज तुटते. तुमी मान हालवली होती!"

कडूबाला आठवले. बंडी हलली होती, तिच्या तोंडावर पदर होता, आणि ती हात हलवून काहीतरी सांगत होती. न ऐकता मान हलवायची त्याला सवयच लागली होती. परत विचारले की माणसे संशयाने पाहतात. त्याला वाटले, दळण आणून ठेवा म्हणते आहे. त्याने त्याच दिवशी दळण आणूनही ठेवले होते.

"दळन आणलं म्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वडनेरला गेला. नर्सबाई सत्यभामाबाई मोठ्या हंड्यात पाणी उकळत होती.

"काय हो मिस्त्री, काय राहिलं?"

"काई नाई, बाई. कोर पाहाले आलो. घासाची राह्यली असन तं घासून देतो."

तिने त्याच्या देखत उकळत्या पाण्याचा हंडा फरशीवर ओतला. वाफेचा लोट उठला.

"हे... रोजच ओतता?"

"रोज. आणि बाळंतपण असलं की आधी आणि नंतर. त्याशिवाय मी बाईला वर घेणार नाही."

चिरलेल्या दगडाला उकळत्या पाण्यासारखा दुसरा वैरी नाही हे कडूबाला आंधळ्यानेही सांगितले असते. सत्यभामाबाईने फडक्याने फरशी पुसली आणि ती आत गेली. कडूबा उभा राहिला. ओला दगड हळूहळू वाळत गेला, काळ्याचा राखी झाला. सगळा वाळला, पण मधल्या खांबाच्या जरा अलीकडे, कोरेपासून आत, केसाएवढी एक काळी रेघ ओली राहिली. पाणी चिरेत मुरले की ती रेघ सर्वांत शेवटी वाळते. त्याने अंगठा कोरेवर टेकवला आणि करंगळी रेघेच्या टोकाला. बरोबर एक वीत.

त्या दिवसापासून कडूबा आठवड्यातून दोनदा वडनेरला जाऊ लागला. कधी कोर घासायचे निमित्त, कधी खांबाचा चुना पाहायचे. एकदा तर त्याने मधल्या खांबाशेजारी पदरच्या विटा लावून आणखी एक खांब रचून दिला. वजन पेलायला तो बरा होता. उकळते पाणी मात्र रोज पडत होते. पंधरा दिवसांनी रेघ दीड वीत झाली. जाताना दर वेळी त्याला वाटे की फाट्यावर कोणीतरी आपल्याला हुडकत येईल, म्हणेल फरशी फुटली, बाई पडली. समोरून पळत येणारे माणूस दिसले की त्याची पाचावर धारण बसे. त्यात कान नाही, म्हणजे मागून कोणी हाका मारत असेल तर तेही कळायचे नाही. म्हणून तो चालता चालता मागे वळून वळून पाही.

आणि लोक! लोक म्हणू लागले, देखभाल करावी तर कडूबाने. भगवानरावांनी बाजारात चार माणसांत त्याची पाठ थोपटली. "मलकापूरवाला दोन रुपयानं सवंग होता, पन असा इचारते का कोनी मागून? हा मानूस फुकट येऊन राह्यला ना आठवड्यातून दोनदा!" संग्रामपूरचा एक वाणी येऊन कट्ट्याचे काम देऊन गेला. जाताना बजावून गेला, "वडनेरले देता तशी देखभाल मले बी पाह्यजे." कडूबाने हात जोडले. आपली भीती लोकांना एवढी आवडेल असे त्याला कधी वाटले नव्हते.

"सांगून टाका," शालूबाई रोज म्हणायची. भाकर वाढताना, पाणी देताना, समोर येऊन, तोंड वर करून. "अवो, सांगून टाका."

"काय सांगू? लबाड हाये म्हणू का बहिरा हाये म्हणू?"

"चुकलं म्हणा."

"वाजवून देल्ली म्या. त्याइच्यासमोर वाजवली, खणखणीत म्हटलं. मंग चुकलं कसं? एक तं मले आयकू आलं अन् मी फसवलं. नाई तं मले आयकूच येत नाई. तिसरं हाये का काही?"

तिसरे नव्हतेच, हे शालूबाईलाही कळत होते.

"लबाडाले लोक एकदा माफ करतीन," तो म्हणाला. "बहिऱ्याच्या हातची फरशी कोन घेईन वं?"

"माझ्या बहिनीले तीन दिवस पाह्यलं म्या," ती म्हणाली. "त्या टायमाले बाईले कायी समजत नाई. कुठी पडली, काय लागलं, कायी नाई. अन् तुमी तिच्याखाली फुटका दगड ठेवला." एवढे बोलून ती उठून गेली.

शेवटी दोघांनी एक मार्ग काढला. उरलेल्या दोन फरश्यांतली एक शालूबाईने चार ठिकाणी वाजवून पाहिली. तिचा आवाज दूरवर जात होता, असे ती म्हणाली. कडूबाने ती घासून तयार केली, बंडीत गवत घालून ठेवली. भगवानरावांना म्हणायचे की याहून गुळगुळीत माल आला, तुमच्या नावाला शोभेल असा, फुकट बदलून देतो. खोटेच, पण कोणाचे वाईट न करणारे. त्या दिवशी शालूबाईही बंडीत बसली. "मी येते," एवढेच म्हणाली. त्याने नको म्हटले नाही.

वडनेरला पोचले तर दवाखान्यासमोर दुसरी एक बंडी सुटलेली. ओसरीवर चार-सहा माणसे बसलेली, भगवानराव खुर्चीवर. कडूबाने फरशीची गोष्ट काढली.

"चांगलं हाये," भगवानराव म्हणाले. "पन आज नाई. आज बाई आली आतमंदी, अंबूबाई, आमच्या गड्याची. पुढल्या हप्त्यात ये."

"मालक, आजच बदलली असती तं..."

"काऊन एवढी घाई? आता तिले वर घेऊन राह्यल्या नर्सबाई."

कडूबाला पुढचे ऐकू आले नाही, आणि यात कानाचा दोष नव्हता. तो सरळ आत घुसला. पुरुषाने त्या खोलीत जायचे नसते हे त्याला कळत होते. फरशीवरून वाफा निघत होत्या. पाणी नुकतेच ओतले होते. दोन बाया अंबूबाईला काखेत धरून आणत होत्या. चांगली थोराड बाई, पण वेदनांनी दुमडलेली. सत्यभामाबाई मेणकापड अंथरायला वळली आणि त्याला पाहून ओरडली. तिचे तोंड उघडले-मिटले, शब्द कळले नाहीत. फरशी वाळत आली होती. काळी रेघ आता या कोरेपासून त्या कोरेपर्यंत होती.

तो अंबूबाई आणि ओट्याच्या मध्ये हात पसरून उभा राहिला.

"याच्यावर नका ठेवू. फुटेल हाये, आरपार चीर हाये."

सत्यभामाबाईने त्याच्याकडे पाहिले, मग दगडाकडे. बाई कामाची होती; वाद घालायची ती वेळ नव्हती हे तिला समजले. तिने बोटाने शेजारची खोली दाखवली, आणि अंबूबाईला तिकडे जमिनीवर सतरंजी घालून निजवले. शालूबाई कोणी न सांगता तिच्या मागे गेली.

भगवानराव दारात आले होते. त्यांच्या मागे ओसरीवरची माणसे.

"फुटेल हाये म्हंजे?" कडूबाला कळावे म्हणून नव्हे, रागाने ते मोठ्याने बोलले, म्हणून त्याला कळले. "तू वाजवून देल्ली ना बे? माह्या समोर!"

आता आले. महिनाभर ज्याला तो भीत होता ते दारात येऊन उभे राहिले होते. कडूबाने जिभेने ओठ ओले केले. लबाड म्हणवून घेणे सोपे होते, शिव्या खाल्ल्या असत्या, वीस रुपये परत केले असते, वर्षभराने लोक विसरले असते. शेजारच्या खोलीच्या दाराआड बाया इकडून तिकडे धावत होत्या.

"वाजवली, मालक. पन मले आयकू येत नाई."

"काय?"

"मी बहिरा हाये. चार साल झाले. दगडाचा आवाज येत नाई मले. फसवलं नाई तुमाले. पन सांगतलं बी नाई."

मागे कोणीतरी हसले असावे. दोघांचे खांदे हलले. भगवानराव हसले नाहीत. त्या दिवशी नांदुऱ्याच्या छपरीत डोळे मिटून आपणही मान डोलावली होती हे त्यांना आठवले असणार, कारण त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यांनी तो दुसरीकडे वळवला. "काढा ते," ते गड्यांना म्हणाले.

चार गड्यांनी पहारी घालून फरशी चुन्यातून सोडवली. जेमतेम वीतभर उचलली असेल नसेल, आणि सगळी माणसे एकदम दचकून मागे सरली. एकाने कानावर हात नेला. कडूबाला फक्त पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. खाली पाहिले तेव्हा फरशीचे दोन तुकडे झाले होते, रेघेवरून, सरळ, करवतीने कापावे तसे.

त्याला वाटले होते की आता हायसे वाटेल. तसे वाटलेही. महिनाभर छातीवर बसलेले काहीतरी उठून गेले. तो मटकन खाली बसला आणि सगळ्यांच्या देखत धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडला.

दुपारपर्यंत नवी फरशी खांबांवर चढली. चुना स्वतः कडूबाने घातला, पाणसळ लावून चारही कोपरे एका पातळीत आहेत का ते पाहिले. मध्येच ओसरीवरची माणसे उठून उभी राहिली, एकमेकांकडे पाहून हसली, कोणीतरी गूळ आणला. अंबूबाई सुटली हे त्याला अशा रीतीने कळले. मुलगी झाली, दोघी बऱ्या, हे शालूबाईने बाहेर येऊन त्याच्यासमोर उभे राहून सांगितले. तिच्या हातांना कार्बोलिक साबणाचा वास येत होता.

भगवानराव नवी फरशी पाहायला आले. तिच्यावर हात फिरवला, वाकून खांब पाहिला. मग ते शालूबाईकडे वळून काही बोलले. कडूबा एका बाजूला होता, त्याला ओठ दिसले नाहीत. तो पुढे झाला.

"हे वाजवून पाह्यली का कोनी?" भगवानराव शालूबाईला विचारत होते.

"म्या पाह्यली."

"चांगली हाये?"

"चांगली हाये."

"मंग औषधाच्या खोलीत बी एक ओटा पाह्यजे. पाच फूट. केवढ्याले द्यान?" हेही त्यांनी तिलाच विचारले. तिरस्काराने नव्हे, अगदी साधेपणाने, जसे दोघांपैकी ज्याला ऐकू येते त्याला माणूस विचारतो. विसाव्या वर्षापासून कडूबा दगड घडवत होता. त्याच्या अंगावरून सवाल पलीकडे गेला, आणि इथून पुढे सगळे सवाल असेच जाणार हे त्याला कळले.

शालूबाईने उत्तर दिले नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, कडूबाच्या समोर येऊन उभी राहिली आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "पाच फुटाचा ओटा. औषधाच्या खोलीत. भाव इचारून राह्यले."

मग भगवानरावांकडे वळून ती म्हणाली, "भाव ते सांगतीन."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. कडूबाने हातावरचा चुना झटकला, खोलीच्या दारापर्यंत जाऊन भिंतीची लांबी आपल्या हाताने मोजली, कोपरा पाहिला, परत आला, आणि भाव सांगितला.